क्लचला जिवंत वजन लागतं

माझ्या साडूच्या मोटारसायकलचा चांगला चाललेला क्लच मी त्यांना न विचारता काढायला लावला आणि त्या जागी नवा बसवून घेतला. चूक एवढीच. ती चोरून केलेली नाही, रागानं केलेली नाही, उलट फार चांगल्या मनानं केली आणि केल्यावर भर पंगतीत मोठ्यानं सांगितली. त्या नव्या क्लचमुळं माझ्या थोरल्या मेव्हणीचं घराबाहेर पडणं बंद झालं. क्लचचा आणि मेव्हणीचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, म्हणून तर हा घोटाळा झाला.

गेल्या महिन्यात साताऱ्याला आमच्या कचेरीत सांगलीहून ट्रंक कॉल आला. हेडक्लार्कनं मला हाक मारली आणि फोन असा हातात दिला की त्याला आधीच कळलं असावं. पलीकडून हळदीच्या पेठेतला कुणीतरी बोलत होता. लाइनीत खरखर इतकी की ‘अण्णा गेले’ हे दोन शब्द मला तिसऱ्या खेपेला ऐकू आले. सौद्याच्या वेळी हळदीच्या ढिगापाशी बसले होते, हळकुंड मोडून बघत होते आणि तिथंच कलंडले. अशा वेळी माणसानं काय विचारावं? मी विचारलं, “गाडीवर होते का?” पलीकडचा म्हणाला, “गाडी घरात हाय, पावणं. माणूस गेलाय.” मी फोन ठेवला. माझा डावा हात उगाचच मिटत-उघडत होता. क्लच दाबल्यासारखा.

अण्णा म्हणजे माझ्या बायकोच्या, सुमनच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीचं नाव शालन; आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. सांगलीत अण्णांच्या घरी हळदीची अडत. अण्णा अंगानं आडवे, आवाजानं मऊ, आणि बोलण्याआधी भडंगाचा एक बकाणा तोंडात टाकून विचार करणारे. त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या कायम पिवळ्या. लग्नातली हळद अजून उतरली नाही, असं मी त्यांना पहिल्याच भेटीत म्हणालो होतो. ते हसले नाहीत. वर्षभरानं मात्र कुठल्याशा बारशात मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुमचा त्यो हळदीचा इनोद… बरा हुता.” अण्णांचं सगळं असं सावकाश. घाईत त्यांनी एकच गोष्ट केली आणि ती म्हणजे मरण.

आक्का आणि सुमन या दोघीच बहिणी. पाठीवर भाऊ नाही. आमच्या लग्नानंतर त्यांचे आई-वडील पाठोपाठ गेले, घर चुलत्यांकडे गेलं आणि दोघींना माहेर म्हणावं अशी जागा राहिली नाही. सांगलीच्या घरात सगळा कारभार अण्णांच्या आईचा. त्यांना सगळे थोरल्या आई म्हणतात. बाई वाईट नाही. उगाच सासूला खलनायिका करायची मला हौस नाही. पण त्यांचा एक हिशोब होता. सून घराबाहेर जाते ती माहेरी, नाहीतर देवाला, नाहीतर लग्नकार्याला. माहेर नाही, तर जायचं कुठं? बहिणीकडं? “भनीकडं काय जायाचं आसतं?” असं त्या विचारायच्या, आणि तो त्यांना खरोखरच पडलेला प्रश्न असायचा. आम्ही नवरा-बायको दिवाळीला आणि उन्हाळ्यात सांगलीला जायचो. पण तिथं दोघी बहिणी चुलीपाशी बसायच्या आणि थोरल्या आई चौकटीत. मग बोलणं निघायचं ते लोणच्याचं, मिठाचं आणि कुणाच्या तरी दुखऱ्या गुडघ्याचं. परतीच्या एस.टी.त सुमन खिडकीला डोकं टेकून म्हणायची, “आक्का बोलायचीच कमी झालीया.” मी म्हणायचो, “झोप.” नवरा म्हणून मी कायम इतकाच उपयोगी.

अण्णांनी नंबर लावून बरीच वाट बघितल्यावर त्यांना मोटारसायकल मिळाली, तेव्हा ती बघायला आम्ही गेलो. रात्रीच्या जेवणाला सोप्यात पाटावर बसलो होतो आणि विषय अर्थातच गाडीचा. मी तोवर मोटारसायकलवर दोनदा बसलो होतो आणि त्यातल्या एकदा पडलो होतो. पण कचेरीच्या वाटेवर एक गॅरेज होतं, तिथल्या मिस्त्रीची वाक्यं माझ्या कानावर पडायची आणि कानावर पडलेलं स्वतःचं म्हणून सांगायची माझी जुनी खोड. मी घास हातात धरून सांगितलं, “अण्णा, गाडीत जीव कुठं असेल तर क्लचमध्ये. आत बुचाच्या चकत्या असतात, प्लेटा म्हणतात त्यांना, त्या झिजतात. इंजिन ओरडतंय आणि गाडी पळत नाही, असं झालं की समजायचं, प्लेटा गेल्या. पण एकट्यानं चालवून ते कळत नाही बरं का. मागं वजन पाहिजे, पुढं चढ पाहिजे. वजनाशिवाय क्लच खरं बोलत नाही!”

पंगत गप्प झाली. माझ्या बोलण्यानं पंगत गप्प होण्याचा तो पहिलाच प्रसंग. अण्णांनी घास चावायचा थांबवला. “मागं वजन पायजे म्हन्ता?” त्यांनी विचारलं. “पाहिजेच,” मी म्हणालो. “आन् ते तुमास्नी कानानं कळतं?” मी खांदे उडवले, म्हणजे कळतं असा अर्थ निघावा असे उडवले. अण्णा पुन्हा जेवायला लागले. त्या रात्री त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली. मला वाटलं, माझ्या ज्ञानानं भूक वाढली.

पुढच्याच महिन्यात निरोप आला, की गाडीचा क्लच बघायला पाहिजे, इस्लामपूरला स्टँडवर या, आणि सुमनलाही आणा. इस्लामपूर दोघांनाही वाटेवर. मी सुमनला म्हणालो, “तुझं काय काम?” ती आधीच लुगडं बदलून तयार होती. आम्ही एस.टी.नं पोचलो, तर स्टँडसमोरच्या हॉटेलाच्या बाहेर अण्णांची गाडी उभी आणि गाडीशेजारी पदर सावरत आक्का. तिला मी आजवर कधी उन्हात उभी बघितलीच नव्हती. दोघी बहिणी एकमेकींना बघून आत हॉटेलात गेल्या, पडद्यामागच्या बाकड्यावर बसल्या आणि आम्हा दोघांना साफ विसरल्या.

ही परवानगी मिळाली कशी, ते अण्णांनी मला हॉटेलाच्या दारात चहा पिता पिता सांगितलं. सकाळी त्यांनी आईला सांगितलं, की क्लच घसरतोय असा वहीम आहे, साताऱ्याचे पावणे त्यातले जाणकार आहेत, आणि मागं कुणीतरी बसल्याशिवाय निकाल लागत नाही. थोरल्या आई म्हणाल्या, “मग हळदीचं पोतं बांद की मागं.” अण्णांनी भडंगाचा एक बकाणा मारला. मग म्हणाले, “पोतं वळणाला झुकत न्हाई, आई. क्लचला जिवंत वजन लागतं.” थोरल्या आईंनी त्यांच्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं आणि म्हणाल्या, “गल्लीच्या त्वांडापातुर चालत जा म्हनावं. पेठेतनं गाडीवर बसून नगं.” तेवढ्यावर आक्का निघाली. गल्लीच्या तोंडापर्यंत चालत, पुढं कृष्णेच्या पुलावरून फटफटीवर.

यातली मेख माझ्या लक्षात आली नाही, हे सांगताना मला आजही माझंच कौतुक वाटतं. ‘साताऱ्याचे पावणे त्यातले जाणकार’ एवढंच मी त्यातून उचललं. मी गाडीभोवती फेरी मारली. इंजिन सुरू करायला लावलं, कान जवळ नेला, डोळे मिटले. एकदा तर ऐकण्याच्या भरात गरम नळकांड्यावर हात टेकला आणि हाताच्या तळव्याला फोड आला. तो मी निशाणी म्हणून आठवडाभर कचेरीत मिरवला. तपासणीचा निकाल कायम एकच द्यायचो, “अजून गेला नाही. पण भरवसाही नाही.” अण्णा गंभीर होऊन विचारायचे, “म्हंजे फुडल्या म्हैन्यात परत बघाय लागंल?” मी तितकाच गंभीर होऊन म्हणायचो, “लागेल.” आणि पडद्यामागं दोघींपैकी कुणीतरी हसायचं. मला वाटायचं, त्यांचं काहीतरी आपसातलं असेल.

असं वर्ष-दीड वर्ष चाललं. आक्का बोलायला लागली, असं सुमन सांगायची. मग एका हिवाळ्यात अण्णांनी घरात जाहीर केलं, की सपाटीवर क्लचची खरी परीक्षा होत नाही, घाट पाहिजे. झालं! आम्ही चौघं पाचगणीला. ते दोघं गाडीवर, आम्ही दोघं वाईहून एस.टी.त. पसरणीच्या घाटात आमची एस.टी. धापा टाकत होती आणि मागून अण्णांची गाडी आली. मी खिडकीतून अर्धा बाहेर. कंडक्टर ओरडतोय, “आवं साहेब, आत व्हा!” आणि मी ओरडतोय, “अण्णा, तिसऱ्यावर घ्या! ऐकू द्या!” अण्णांनी मान हलवली आणि गाडी पुढं काढली. मागं आक्का एका अंगावर बसलेली, पदर कानामागं खोचलेला, आणि अण्णांच्या कानाशी तोंड नेऊन सारखी काहीतरी बोलत होती. ते काय ते मला ऐकू आलं नाही. इंजिन मात्र मी नीट ऐकलं. एवढ्या चढालाही ते ओरडलं नाही, गाडी घसरली नाही. त्यावर वर गेल्यावर मी निकाल दिला, “घाटानं प्लेटांवर ताण आलाय.” पठारावर बसून दोघी बहिणींनी द्रोणातली स्ट्रॉबेरी खाल्ली, तिच्या आंबटपणानं डोळे मिटले, परत खाल्ली. अण्णा लांब बसून भडंग खात होते आणि त्या दोघींकडं बघत होते. मला म्हणाले, “पावणं, क्लच लय गुनाचा हाय.” मी म्हणालो, “गुणाचा असता तर दर महिन्याला बघायला लागला असता का?” अण्णांनी भडंगाचा पुडा माझ्यापुढं केला. माझं तोंड बंद करायची त्यांची ती सभ्य रीत होती.

आणि मग मी ती गोष्ट केली. कचेरीच्या कामासाठी मला दोन दिवस सांगलीला जावं लागलं. अण्णा लग्नाला बाहेरगावी गेले होते आणि गाडी सोप्यात उभी होती. मला वाटलं, अण्णांना आपण किती महिने टांगून ठेवलंय! बिचारा माणूस प्रत्येक वेळी विचारतो आणि आपण म्हणतो, बघू. जाणकारानं कधीतरी निकाल द्यायला नको? मी गाडी काढली, ढकलत ढकलत पेठेतल्या बाबू मिस्त्रीच्या गॅरेजात नेली आणि नव्या प्लेटा टाकायला सांगितल्या. ढकलत अशासाठी, की मला ती सुरू करता आली नाही. बाबू मिस्त्रीनं आधी गाडीचं पुढचं चाक भिंतीला लावलं, इंजिन सुरू करून वरचा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन हिसका देऊन बंद पडलं. “बगितलं?” बाबू म्हणाला. “इंजिन मेलं म्हंजे क्लच जित्ता हाय. क्लच मेला असता, तर इंजिन चालूच ऱ्हायलं असतं. कशाला बदलताय?” मी त्याला म्हणालो, “तुम्ही फक्त भिंतीला विचारता. मी दीड वर्ष कानानं ऐकतोय.” बाबूनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पाना उचलला. काढलेल्या प्लेटा त्यानं माझ्या हातात दिल्या. जवळजवळ नव्याच दिसत होत्या. त्या मी पिशवीत घालून घरी आणल्या. पुरावा म्हणून!

दुसऱ्या दिवशी अण्णा आले आणि पंगतीला बसले. थोरल्या आई समोर, आक्का वाढत होती. मी मुद्दाम घास संपवला, पाणी प्यालो आणि सांगितलं, “अण्णा, तुमची कटकट मिटवून टाकली. क्लच नवा बसवून घेतला. आता दोन-तीन वर्षं बघायचं नाव नको!” आक्काच्या हातातली आमटीची पळी माझ्या वाटीवर तशीच थांबली. अण्णांनी मान वर केली नाही. थोरल्या आई म्हणाल्या, “बरं केलंत. चला… आता इस्लामपूरच्या खेपा वाचल्या.” आणि त्या आक्काकडं बघायच्या थांबल्या नाहीत. कुणी मला शाबासकी दिली नाही. मला वाटलं, आमटी अळणी झाली असेल.

जेवणं झाल्यावर अण्णा म्हणाले, “चला, क्लच बघू तुमचा.” इस्लामपूरच्या फेऱ्यांत मी गाडी जेमतेम चालवायला शिकलो होतो; अण्णांनी किक मारून दिली, स्वतः मागं बसले आणि आम्ही हरिपूरच्या वाटेनं नदीकाठी गेलो. गाडी चिंचेखाली लावून अण्णा दगडावर बसले. भडंग नव्हतं, तरी बोलण्याआधी ते काहीतरी चावल्यासारखे बसले. मग म्हणाले, “पावणं, तुमास्नी खरंच वाटलं व्हय, का मी दर म्हैन्याला हितनं इस्लामपूरला तुमचा कान बघाय येत हुतो?” दीड वर्षाचे सगळे महिने, पडद्यामागचं हसू, ‘फुडल्या म्हैन्यात बघाय लागंल?’, सगळं एकाच वेळी माझ्या डोक्यात सरळ उभं राहिलं. अण्णा पाण्याकडं बघत म्हणाले, “ती घरात बोलत न्हाई. तिच्या बाचं झालं, मग आईचं, तवापास्नं गपच. इस्लामपूरला भनीशी काय बोलती मला ठावं न्हाई. पन परत येताना आष्ट्यापातुर ती माझ्या मागं बसून बोलत असती. काय काय सांगती… आष्टा गेलं की गप. मला तेवढंच ऐकाय मिळतं.” मग एक खडा पाण्यात टाकून म्हणाले, “आईला थेट इचारलं, तर न्हाई म्हनंल आसं न्हाई. पन एकदा इचारलं आन् न्हाई म्हनली, तर परत इचारता येत न्हाई. क्लचचं तसं नव्हतं.”

मी म्हणालो, “जुन्या प्लेटा पिशवीत आहेत. परत बसवू.” अण्णा तेव्हा हसले. सबंध आयुष्यात त्यांना इतकं हसताना मी बघितलं नाही. डोळे पुसून म्हणाले, “न्हाई न्हाई. त्यापरीस सोपं हाय. गाडी तुमी साताऱ्याला न्या. तुमच्या डाव्या हाताची बोटं कायम क्लचवर आसत्यात. तुमी नुसतं दोन-चार घाट हिंडलासा, तरी प्लेटा ऱ्हात न्हाईत. म्हैनाभर चालवा, मोडून आना!”

आता इथं कुठलाही शहाणा माणूस आनंदानं बोटं क्लचवर ठेवून महिनाभर हिंडला असता. मला राग आला. माझी बोटं क्लचवर असतात म्हणजे काय? दीड वर्ष जाणकार म्हणून मिरवलेल्या माणसाला हे ऐकायला लागावं? मी गाडी साताऱ्याला आणली आणि महिनाभर अशी चालवली, की डावा हात क्लचला फक्त गिअर बदलताना लागला. बोट उचलून हँडल धरायची इतकी सवय लावली, की सायकल चालवतानाही बोटं ताठ राहायची. वळणावर हळू, चढाला जपून. कचेरीतले लोक म्हणायचे, साहेबांची गाडी नवरीसारखी चालते. महिना संपल्यावर मी ती सांगलीला नेली. अण्णांनी चाक भिंतीला लावलं, वरचा गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन तिथल्या तिथं हिसका देऊन मेलं. अण्णा गाडीवर तसेच बसून राहिले. “पावणं,” ते म्हणाले, “तुमास्नी एक काम सांगितलं…” आणि उतरून चाक भिंतीपासून मागं घेतलं. आतून बांगड्या वाजल्या. आक्का दारात येऊन परत गेली होती.

त्यानंतर काही महिने कुणीच कुठं गेलं नाही. सुमन माझ्याशी बोलायची, पण पोळी वाढण्यापुरतं. मग एक दिवस परत निरोप आला, “क्लच बघायला पाहिजे. इस्लामपूरला या.” मी थक्क. स्टँडवर पोचलो, तर हॉटेलापाशी अण्णा आणि आक्का उभे. दोघी आत गेल्यावर मी अण्णांना विचारलं, “मोडला का एकदाचा?” अण्णा म्हणाले, “न्हाई. टणक हाय.” मग सांगितलं, ते असं. सकाळी ते पेठेत निघाले होते. थोरल्या आई सोप्यात हळकुंडं निवडत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, “ती फटफटी पुलावर लय वरडतीया. क्लच गेला आसंल. बघून आन.” अण्णा म्हणाले, “आई, नवाच हाय की.” त्यावर थोरल्या आई म्हणाल्या, “नवं काय बिघडत न्हाई? आन् एकलाच जाऊ नगंस. मागं वजन घे.” पूल त्यांच्या घरापासून लांब. तिथं ओरडलेली गाडी त्यांच्या सोप्यात ऐकू येणं शक्य नव्हतं. अण्णांनी मला विचारलं, “आईला कवापास्नं ठावं आसंल, पावणं?” या वेळी मात्र मला बरोबर उत्तर आलं. मी म्हणालो, “पोतं बांध म्हणाल्या तेव्हापासून.” अण्णांनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं. कानाच्या नाही, पण एका गोष्टीच्या बाबतीत त्यांनी मला त्या दिवशी जाणकार मानलं असावं.

पुढं ते तसंच चालत राहिलं. मध्ये पेट्रोल भडकलं, लोकांनी गाड्या घरात लावल्या, तरी अण्णांच्या गाडीचा क्लच महिन्यातून एकदा संशयित व्हायचाच. प्लेटा परत बदलायची वेळ कधी आलीच नाही. अण्णा गाडी चालवायचेच अशी, की प्रत्येक गिअर मागं बसलेल्या माणसाला विचारून टाकल्यासारखा. आमची शेवटची भेटही इस्लामपूरलाच. त्या दिवशी ते थोडे दमलेले वाटले. चहा अर्धा ठेवला. मी विचारलं, तर म्हणाले, “काई न्हाई, चढाला दम लागतोय जरा.” मी म्हणालो, “प्लेटा बघून घ्या.” माझा हा विनोद त्यांना वर्षभरानं आवडला असता… तेवढा वेळ मिळाला नाही. निघताना आक्का मागं बसली, गाडी हलली आणि वळणापर्यंत जायच्या आतच तिचं बोलणं सुरू झालेलं मला दिसलं. अण्णांनी मान किंचित डावीकडं कलती केली होती. त्या बाजूच्या कानानं त्यांना जरा बरं ऐकू यायचं, म्हणून.

दिवसकार्यानंतर परवा आम्ही परत सांगलीला गेलो. सोप्यात गाडी उभी होती, अंगावर हळदीचं रिकामं पोतं पांघरून. सुमन आत आक्काजवळ गेली. मी बाहेर थांबलो, पण आतून काही आवाज आला नाही. आक्का आता वर्षभर तरी घराबाहेर पडणार नाही, आणि पडली तरी तिला कुणाच्या मागं बसून कुठं जायचंय? अण्णांचे एक चुलतभाऊ आले होते. ते म्हणाले, घरात चालवणारं कुणी नाही, गिऱ्हाईक आहे, गाडी देऊन टाकावी. थोरल्या आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मुलगा गेल्यापासून त्या एवढ्याशा झाल्यात. त्या म्हणाल्या, “आधी पावन्यास्नी बघू दे. पावणं, क्लच बघा.”

मला भरून आलं. या घरात अजून माझ्या शब्दाला किंमत आहे, असं वाटलं. मी पोतं बाजूला केलं. मागच्या सीटवर पिवळा हात फिरल्यासारखा एक डाग होता, तो पुसला नाही. किक मारल्या, घाम निघेपर्यंत मारल्या, तेव्हा कुठं इंजिन बोललं. त्या आवाजानं आतला पडदा हलला आणि आक्का चौकटीत आली, तिच्यामागं सुमन. मी पुढचं चाक भिंतीला लावलं, वरचा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला… बोटं अगदी ताठ ठेवून. गाडीनं एक हिसका दिला आणि इंजिन गप्प झालं. मी खाली उतरलो, हात झटकले आणि जाणकाराच्या आवाजात म्हणालो, “एकदम चांगला आहे. दोन-तीन वर्षं तरी बघायला नको.”

आक्कानं पदर तोंडाला लावला. सुमननं कपाळावर हात मारून घेतला. थोरल्या आई माझ्याकडं बघत राहिल्या. मग चुलतभावाला म्हणाल्या, “गाडी इकायची न्हाई.” आणि मला म्हणाल्या, “आवं पावणं, माझ्या लेकाचा जन्म गेला तुमास्नी शिकिवण्यात, तरी तुमी हुतासा तितंच! क्लच बिघडलाय. फुडल्या म्हैन्यात हितं येऊन परत बघाय लागंल, त्याच्या फुडल्याबी. आन् सुमनला आनत जावा वजनाला, एकलं येऊ नगा. तुमास्नी एकल्याला काय कळतंय क्लचमधलं?”